आडवळणाच्या मुलुखातील आगगाडी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहासावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा मी राजगड, तोरणा अथवा रोहिडा यांपैकी एखाद्या किल्ल्याविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. भोर आणि वेल्हे या मुलुखात जन्मलेल्या माणसास ती कथा आईच्या दुधाबरोबरच मिळालेली असते. वेल्हे तालुक्यास तर आता राजगड हेच नाव मिळाले आहे. परंतु इतिहास केवळ तलवारीचा नसतो. धान्याच्या पोत्याचा, मिठाच्या गोणीचा आणि ती वाहून नेणाऱ्या पाठीचाही इतिहास असतो. म्हणून आज मी मालवाहतुकीच्या एका छोट्या लोहमार्गाची कथा सांगण्याचे योजिले आहे. तो लोहमार्ग म्हणजे बार्शी लाइट रेल्वे.

बार्शी कोठे आणि भोर कोठे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो. आपल्या बैठकांत एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते वाक्य असे, ‘आपल्याकडे रेल्वे आली असती, तर आपले दैन्य केव्हाच फिटले असते.’ हे वाक्य खरे किती आणि समाधानापुरते किती, हे तपासून पाहावयाचे, तर जेथे रेल्वे आली तेथे ती का आली, तिने काय दिले आणि काय दिले नाही, हे पाहिले पाहिजे.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. परमुलुखातील माणसास आपण ‘भोरचे’ असे सांगितले, की तो म्हणतो, ‘म्हणजे तुमच्याकडे तो आगगाडीचा घाट आहे ना?’ इंग्रजी पुस्तकांत ज्यास भोर घाट म्हटले आहे, तो कर्जत-खंडाळ्याचा बोरघाट होय. आपल्या भोर गावाशी त्याचा संबंध नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने तो मार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला केला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा तीव्र चढ होता. त्या कामात मजूर हजारोंनी मृत्यू पावले. त्या घाटाने मुंबई बंदर दख्खनच्या पठाराशी जोडले. मात्र आपल्या सह्याद्रीच्या कुशीतील वाटा होत्या तशाच राहिल्या.

त्या वाटा कोणत्या? वरंधा घाटाने महाडकडे जाणारी वाट, केळदकडून उतरणारा मढे घाट आणि अशा कितीतरी. कोकणातून मीठ वर यावे आणि मावळातून धान्य खाली जावे, हा या वाटांचा जुना परिपाठ. वाहतूक बैलांच्या पाठीवरून व्हावयाची. जेथे बैल चालत नसे, तेथे माणसाचे डोके होते. पुढे पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि नीरा, लोणंद ही स्थानके आपल्यास त्यातल्या त्यात जवळची झाली. तथापि भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन होईपर्यंत संस्थानच्या राजधानीत आगगाडीचा रूळ आला नाही आणि त्यानंतरही तो आलेला नाही.

आता बार्शीकडे वळू. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग १८५९ साली आजच्या कुर्डूवाडीपर्यंत पोहोचला आणि त्या स्थानकास नाव पडले ‘बार्शी रोड’. बार्शी मात्र तेथून एकवीस मैल दूर राहिली. बालाघाटाच्या मुलुखातला कापूस बार्शीच्या पेठेत यावयाचा, तेथून बैलगाड्यांत भरून स्थानकापर्यंत जावयाचा आणि मग मुंबईस. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते, हे देशावर नोकरी केलेल्यांस सांगावयास नको. एकवीस मैलांच्या त्या तुकड्यासाठी व्यापारी आणि शेतकरी दोघेही अडून राहत.

ही अडचण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने हेरली. तो १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मोठ्या लोहमार्गास माल पुरविणारे छोटे व स्वस्त फाटे बांधता येतील काय, या प्रश्नाने त्यास पछाडले. बार्शीचा फाटा बांधण्याचा त्याचा विचार १८८६-८७ च्या सुमाराचा. प्रत्यक्ष करार होण्यास १८९५ साल उजाडले आणि गाडी धावली ती मार्च १८९७ मध्ये. दहा वर्षे एकाच कल्पनेमागे लागणे आणि त्यासाठी चांगली नोकरी जाऊ देणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. या गृहस्थाने पुढे विमानातून उतरण्याच्या छत्रीवरही असेच चिकाटीने काम केले.

त्याची युक्ती काय होती, हे मुलांनी विशेष लक्षात घ्यावे. मोठ्या लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट असते. बार्शीच्या मार्गाचे अंतर केवळ अडीच फूट होते. रूळ इतके हलके, की एका यार्डाचे वजन तीस पौंड. अरुंद मार्गावर हलकी गाडीच धावणार आणि थोडाच माल नेणार, असा तेव्हाचा समज होता. कॅल्थ्रॉपने प्रश्न उलट बाजूने सोडविला. रूळ मोडतो तो गाडीच्या एकंदर वजनाने मोडत नाही, एका आसाखाली येणाऱ्या भाराने मोडतो. तेव्हा त्याने नियम केला, की इंजिन असो वा मालाचा डबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. चार आस असलेला डबा घेतला, तर माल धरून वीस टन वजन त्या कोवळ्या रुळावरून सुखरूप जाते. डबे दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्याचे केले, म्हणजे डब्याचे स्वतःचे वजन घटले आणि मालास अधिक जागा झाली. इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीकडून आली. त्यांस ओढणारी चाके आठ आणि मागे आधाराची चार, म्हणजे इंजिनाचा भारही विभागलेला. हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून या गाड्यांची परीक्षा घेण्यात आली होती.

भार वाटून घेतला, की दुबळा रूळही मोठे ओझे पेलतो. एवढे एक वाक्य आपण मनात ठेवावे. मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

ही गाडी सुरू झाली ते साल दुष्काळाचे होते. १८९६-९७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळला होता आणि पुण्यामुंबईस प्लेगने थैमान मांडले होते. अशा वर्षी एकवीस मैलांचा तो रूळ बार्शीस पोहोचला. त्यानंतर मार्ग दोन्ही अंगांनी वाढत गेला. १९०६ साली तो कुर्डूवाडीहून पंढरपुरास गेला. १९११ साली निजामाच्या राज्यातील लातुरास पोहोचला. १९२७ साली पंढरपूरहून मिरजेस जाऊन भिडला. एकंदर लांबी २०२ मैल झाली. कापूस, धान्य, भुईमूग हा माल होताच. आषाढी-कार्तिकीस वारकऱ्यांची गर्दी ही या मार्गाची दुसरी मोठी मिळकत होती. वर्षभर माल आणि यात्रेच्या दिवसांत माणसे, या दोन पायांवर ती कंपनी उभी राहिली. आपल्या वाडवडिलांपैकी ज्यांनी पंढरीची वारी पायी न करता गाडीने केली, त्यांनी शेवटचा टप्पा या छोट्या गाडीतूनच गाठला असेल.

लातूरची पेठ या मार्गाने वाढली. कुर्डूवाडीस कारखाना झाला आणि रेल्वेच्या नोकरीवर अनेक कुटुंबे स्थिरावली. हे सर्व खरे. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहू. कंपनी लंडनची होती. कापूस पिकवणारा बार्शीचा, तो वाहणारा रूळ बार्शीच्या मातीवर टाकलेला, पण भागधारक मात्र सात समुद्रांपलीकडचे. नफ्याचा वाटा तिकडे जाई. ज्याचा माल, त्याच्या हाती वाहतूक नव्हती.

दुसरे वैगुण्य मापाच्या फरकाचे. अडीच फुटी मार्गाचा डबा साडेपाच फुटी मार्गावर चालत नाही. म्हणून कुर्डूवाडीस प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. मिरजेस तर मीटर मापाचा तिसराच मार्ग होता आणि १९७१ साली पुणे-मिरज मार्ग रुंद झाल्यावर काही काळ त्या एका स्थानकात तिन्ही मापांचे रूळ नांदत होते. पाहणाऱ्यास ती मौज. पाठीवर पोते घेणाऱ्यास ती मौज नव्हती. प्रत्येक चढउतारीस हमाली आली, सांडलवंड आली आणि वेळ आला. पुढे मोटारलॉरी आली. ती शेताच्या बांधापासून पेठेच्या दारापर्यंत माल एका दमात नेऊ लागली. तेव्हा या छोट्या गाडीचे ते वैगुण्य उघडे पडले.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग कंपनीकडून विकत घेतला आणि तो मध्य रेल्वेत सामील झाला. छोटी गाडी त्यानंतरही अर्धशतक धावली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने मार्ग रुंद करण्यात आला. आज तेथे साडेपाच फुटी लोहमार्ग आहे आणि पूर्वी बाजूस राहिलेले धाराशिव शहरही नव्या मार्गावर आले आहे.

आणि २०१६ सालची गोष्ट आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलीच आहे. लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली मालगाडी लातुरास पोहोचली. दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली आणि एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. तो मार्ग कोणता? मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी, लातूर. मार्गाची आखणी कोठे कोठे बदलली आहे खरी, पण धागा कॅल्थ्रॉपचाच. एका दुष्काळात जन्मलेल्या मार्गाने सुमारे एकशेवीस वर्षांनंतर दुसऱ्या दुष्काळात एका शहराची तहान भागविली. कापसाच्या गाठींसाठी केलेली सोय अशी माणसे जगविण्याच्या उपयोगी पडली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे अशी गाडी का आली नाही? डोंगर आडवे आले, हे एक उत्तर आहे. परंतु बोरघाटातही डोंगरच होते. माझ्या अल्पमतीप्रमाणे खरे उत्तर असे, की रूळ मालाच्या मागे येतो. बार्शीस माल एका पेठेत एकवटलेला होता. आपला माल कधीच एकवटला नाही. एका खोऱ्याचे धान्य वरंध्याने कोकणात, दुसऱ्याचे पुण्यास, तिसऱ्याचे शिरवळकडे. गुंजवणीचे खोरे वेगळे, वेळवंडीचे वेगळे, नीरेचे वेगळे. प्रत्येक वाडीची वाट निराळी आणि प्रत्येक घराची दोन-चार पोती निराळी.

याच्या उलट कोल्हापूरचे उदाहरण पाहा. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात, १८९१ साली, कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. १८९५ साली त्यांनी स्थानकाजवळ शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाचा व्यापार एका ठिकाणी आणला. रूळ आणि पेठ या दोन्ही गोष्टी एकमेकींस पूरक झाल्या.

आणखी एक गोष्ट बोलतो. ती कटू आहे, पण घरच्या बैठकीत बोलण्यास हरकत नाही. आपल्या वेळवंडी नदीवर भाटघरास इंग्रजी अमदानीत धरण झाले. पुढे १९२८ साली तेथेच मोठे लॉइड धरण पुरे झाले. आज त्या जलाशयास आपल्या येसाजी कंकांचे नाव आहे. ते पाणी नीरेच्या कालव्याने बारामतीकडे गेले. तेथे बागाईत पिकले, माल एकवटला आणि १९१४ साली दौंडहून बारामतीस बार्शीसारखीच अडीच फुटी गाडी गेली. पाणी आपल्या डोंगरातले, आणि त्या पाण्यावर पिकलेल्या मालामागे रूळ गेला तो खालच्या मुलुखात. यात बारामतीकरांचा दोष नाही. पाणी उताराकडे जाते आणि रूळ मालाकडे जातो. मात्र ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या नातवंडांनी हा हिशेब विसरू नये. पानशेत आणि वरसगाव येथील विस्थापितांच्या घरीही हीच कथा आहे.

मग आपली माणसे कोठे गेली? ती मालाकडे गेली. आपल्या मावळातून किती माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत ओझी वाहण्यास गेली, हे या सभेत बसलेल्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. ज्या मुलुखात मालगाडी आली नाही, त्या मुलुखाने मुंबईची मालगाडी आपल्या डोक्यावर वाहिली. त्या कष्टास दीर्घकाळ ना हजेरी होती ना हमी. पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ यांनी ओझे वाहणाऱ्यास माणूस म्हणून उभे केले. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यातही गुरुकिल्ली तीच होती. एकट्या हमालाचे कोणी ऐकत नव्हते. मजुरी एका मंडळामार्फत मिळू लागली, तेव्हा त्या पाठीस मोल आले.

आता मंडळापुढील प्रश्नाविषयी दोन शब्द. आपल्या निधीतून महामार्गालगत मंगल कार्यालय बांधावे, असा एक विचार आहे आणि त्याऐवजी भातासाठी सामाईक कोठार व वजनकाट्याची सोय करावी, असा दुसरा. पहिल्या पक्षाचे म्हणणे मी हलके लेखत नाही. मुलीच्या लग्नात कार्यालयाचे भाडे देताना गरीब बापाची काय अवस्था होते, हे मी पाहिले आहे. ज्यांनी ती सूचना मांडली, त्यांचा हेतू शुद्ध आहे.

तथापि बार्शीचा इतिहास मला दुसऱ्या पक्षाकडे ओढतो. आज रस्ता आपल्या दारी आहे. ट्रक कापूरहोळास उभा आहे. रेल्वे नाही ही तक्रार आता पुरेशी नाही. आपल्या अडचणीचे खरे रूप हे, की ज्याच्या घरी पाच पोती आहेत तो पाच पोत्यांच्या भाड्याने आणि पाच पोत्यांच्या भावाने विकतो. सुगीत पैशाची निकड असते, साठविण्यास कोरडी जागा नसते, आणि दारी आलेला व्यापारी सांगेल तो भाव मान्य करावा लागतो. वीस घरांनी पाच-पाच पोती एका ठिकाणी आणली, तर शंभर पोती होतात. शंभर पोत्यांचा धनी भावासाठी आठ दिवस थांबू शकतो, पाच पोत्यांचा थांबू शकत नाही. इंद्रायणी आणि आंबेमोहोर वेगवेगळे ठेवता आले, प्रतवारी करता आली आणि वजन आपल्याच काट्यावर झाले, तर पुण्याच्या ग्राहकाकडे आपणच जाऊ शकू.

यात दोन धोके आहेत आणि ते बार्शीच्या कथेतच दिसतात. पहिला, मालकी परक्या हाती जाण्याचा. कोठार झाले आणि त्याच्या किल्ल्या दोन-चार घरांत राहिल्या, तर लंडनच्या कंपनीत आणि आपल्यात फरक तो काय? म्हणून हिशेब दर तिमाहीस फळ्यावर लागला पाहिजे आणि तो भगिनींनाही वाचता-विचारता आला पाहिजे, कारण भातलावणीत वाकलेली पाठ बहुधा त्यांचीच असते. दुसरा धोका मापाच्या फरकाचा. आपले कोठार केवळ आपल्या ज्ञातीचे ठेवले, तर तो अडीच फुटी रूळ होईल. शेजारच्या वाडीचे पोते आपल्या काट्यावर चालणार नाही आणि शेवटी दोघांचीही चढउतार वाढेल. हे मी ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलतो आहे याची मला जाणीव आहे. निधी आपला असो, व्यवस्था आपली असो, पण दार गावातील प्रत्येक शेतकऱ्यास उघडे असावे. रूळ रुंद ठेवले, तरच दूरवर जाता येते.

मंगल कार्यालयाचा विचार सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. कोठार आधी उभे राहावे, त्याच्या उत्पन्नातून कार्यालय उभे राहावे, एवढीच माझी नम्र सूचना आहे. सुगीनंतर कोठार रिकामे झाले, की साध्या लग्नाचा मांडव त्याच आवारात घालता येईल. पंढरीची यात्रा आणि कापसाच्या गाठी एकाच रुळावरून गेल्या, हेही आपण ऐकलेच.

मी चाळीस वर्षे मुलांना गणित शिकविले. त्रैराशिकातील मजूर आणि दिवस आपण कागदावर सहज मांडतो, पण एकत्र येण्याचे गणित कागदावर सुटत नाही. ते करूनच पाहावे लागते. पाच टनांहून अधिक भार कोणत्याही एका आसावर पडू देऊ नये, हा कॅल्थ्रॉपचा नियम होता. आपल्या समाजातही कोणत्याही एका घरावर त्याच्या शक्तीबाहेरचा भार पडू नये आणि कोणतेही चाक भारावाचून मोकळे फिरू नये. निर्णय आपण सर्वांनी सभेत विचारपूर्वक घ्यावा. तो कोणताही झाला, तरी त्याच्या कामास मी यथाशक्ती हातभार लावीन.